एकशे चाळीस बाटल्या

वीज जाणार या पक्क्या खात्रीनं जगणारा माणूस अख्ख्या बहरीनमध्ये एकच आहे आणि तो रिफाला आपल्या मुलीच्या फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. मला या देशात येऊन अकरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत घरातले दिवे किती वेळा गेले ते मी एका हाताच्या बोटांवर सांगू शकेन. सरांना हे पटत नाही. सकाळी उठल्याबरोबर ते घरातले सगळे मोबाईल, लॅपटॉप, नातीचा टॅब, इतकंच काय जावयाचं दाढीचं मशीनसुद्धा चार्जिंगला लावतात. मग पाण्याकडे वळतात. बादल्या, पातेली, कुकर, फुलदाण्या, जे जे म्हणून पाणी धरून ठेवील ते ते भरून झाल्यावर त्यांना चहा गोड लागतो. नात इंग्रजी शाळेतली. ती म्हणते, "आजोबा, इट्स ऑलरेडी फुल." सर म्हणतात, "आत्ता आहे, बाळा." त्यांची मुलगी मेधाताई बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, शांत स्वभावाच्या आहेत, पण एकदा कुकर रिकामा करताना त्यांचाही तोल गेला. "बाबा, इथं एकदा तरी पाणी गेलंय का?" त्यावर सर तितक्याच शांतपणे म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. आता जायची वेळ झाली."

सर मूळचे कराडचे. आफ्रिकेच्या मधल्या भागात, खाणीच्या एका गावातल्या विद्यापीठात त्यांनी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. देशाचं नाव लिहू नका असं त्यांनी मला बजावलं आहे, कारण ज्या बाईची गोष्ट पुढे येणार आहे तिची नोकरी अजून तिथेच आहे. निवृत्त झाल्यावर, पत्नीही गेल्यावर, मेधाताईंनी त्यांना इकडे आणलं. माझी आणि त्यांची ओळख झाली ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. मी लॅबमधली यंत्रं दुरुस्त करतो. देवगडजवळच्या गावातून निघून, डिप्लोमा करून, इथल्या हूरा भागातल्या एका खोलीत तिघांत राहून मी हे काम शिकलो. त्या दिवशी रक्त तपासायच्या यंत्राचा एक बारीक स्क्रू माझ्या हातून निसटला आणि मी अस्सल मालवणीत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काउंटरच्या पलीकडे रक्त द्यायला आलेले एक म्हातारे गृहस्थ बाहीवर कापूस दाबून उभे होते. ते मराठीत म्हणाले, "उजव्या बुटाखाली आहे तो. आणि इंजिनीअर, आधी फिल्टर बघा." स्क्रू उजव्या बुटाखालीच होता आणि बिघाडही फिल्टरमध्येच निघाला. त्या दिवसापासून दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, रिफाला जाणं माझं कधी चुकलं नाही. मी इंजिनीअर नाही हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. "यंत्र चालू करतो तो इंजिनीअर," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

कागदाच्या बाबतीत सर इतके चिकट आहेत की त्यांच्या हातात कोरा कागद मी कधी पाहिलाच नाही. ते लिहितात पाकिटांच्या आतल्या बाजूवर, औषधांच्या खोक्यांवर आणि सुपरमार्केटच्या बिलांच्या कडेच्या कोऱ्या जागेत. एकदा त्यांनी तीन आठवडे खपून केलेलं एक लांबलचक गणित अशाच बिलांवर लिहून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं. जुलै महिना, रिफातलं ऊन. संध्याकाळी बघतात तो गरम झालेली सगळी बिलं काळी पडलेली, आणि त्यावर पेन्सिलीचं एक अक्षर दिसेना. मेधाताई हळहळल्या. सर म्हणाले, "तिकडे उंदीर खायचे. हे बरं, निदान कागद शिल्लक आहे." आणखी एकदा त्यांनी मला कार्बन पेपर शोधायला बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारात तासभर फिरवलं. कापडवाल्यांच्या, सोनारांच्या गल्ल्यांतून आम्ही सहा स्टेशनरीवाले पालथे घातले. प्रत्येकजण आधी गोंधळला, मग "मफी, मफी", म्हणजे नाही, नाही, म्हणून हात झटकू लागला. सातव्या दुकानातल्या म्हाताऱ्या गुजराती शेठनं माळ्यावरून एक धुळकट डबा काढला तेव्हा सरांचा चेहरा असा उजळला की शेठनं तो डबा तसाच देऊन टाकला. मी विचारलं, "सर, कॉम्प्युटर असताना हे कशाला?" ते म्हणाले, "एक प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे, इंजिनीअर. सगळं देऊन टाकायचं नसतं." त्या वेळी या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही.

त्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिकांचं एक लांब कपाट होतं. ते एका वर्षाच्या मार्चच्या अंकाशी थांबलं होतं. मार्चनंतर वर्गणी गेली नाही आणि पुढे कधीच गेली नाही. "आमच्या मुलांच्या दृष्टीनं त्या मार्चमध्ये रसायनशास्त्र संपलं," सर हसत सांगायचे. नंतर इंटरनेट आलं, पण लेख वाचायला गेलं की दारात पैशांचं कुलूप. म्हणून सरांनी कुलपं उघडू शकणाऱ्या माणसांची एक फौजच उभी केली होती. ज्याचं कुणी परदेशी विद्यापीठात शिकतं तो सरांचा नातेवाईक. माझी भाची अमेरिकेत शिकते हे माझ्या तोंडून निसटलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला निरोप गेला: "चिरंजीव सौभाग्याकांक्षिणी, अनेक आशीर्वाद. सोबत चौदा लेखांची यादी." भाची घाबरून मला फोन करून विचारू लागली, "मामा, हे कोण आहेत? मी डान्स थेरपी शिकते." पण तिनं लेख काढून दिले. ते सरांकडून आफ्रिकेत जात.

आणि नकाराची पत्रं. सरांचे निबंध बहुतेक परत येत आणि ती पत्रं ते मला चहाबरोबर वाचून दाखवत. एका संपादकानं लिहिलं होतं की, इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाकडून भाषा तपासून घ्यावी. दुसऱ्यानं लिहिलं होतं, मोजमापं अधिक नव्या यंत्रावर पुन्हा घ्यावीत. सरांनी त्याला उत्तर म्हणून आपल्या विभागातल्या यंत्राचा फोटो पाठवला. त्या फोटोत यंत्रावर विणलेलं पांढरं आच्छादन होतं आणि आच्छादनावर शिपायाचा जेवणाचा डबा. मी पोट धरून हसलो होतो. सरही हसले होते.

हे यंत्र म्हणजे पाण्यातला धातू मोजायचं यंत्र. कुठल्याशा परदेशी संस्थेनं ते भेट म्हणून दिलं, पुढाऱ्यांनी फीत कापली, आणि वर्षभरात ते बंद पडलं. दुरुस्तीला येणारा माणूस त्या खंडात नव्हता. या यंत्रात प्रत्येक धातूसाठी वेगळा लॅम्प लागतो. बिघाड एवढाच, शिशाचा लॅम्प गेला तो गेलाच.

एका शुक्रवारी सर म्हणाले, "तुमचं वर्कशॉप दाखवा." मी घेऊन गेलो. एका कारखान्याच्या लॅबमधून काढलेलं तसलंच यंत्र मागच्या शेडमध्ये भंगारात जायची वाट बघत पडलं होतं. सर त्याच्याभोवती एक फेरी मारून आले.

"ह्याला काय झालं?"

"काही नाही. चालतंय. नवीन मॉडेल आलं म्हणून काढलं."

"चालतंय?"

"हो सर."

त्यांनी मला खुर्ची आणायला सांगितलं. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग मला त्यांनी पहिल्यांदा मुतिंताबद्दल सांगितलं.

मुतिंता त्यांची विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवणारी. खाणीतल्या मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी जी वस्ती आहे, तिथेच वाढलेली. वस्तीतली मुलं सुस्त का असतात, शाळेत मागे का पडतात, हा प्रश्न तिला स्वतःच्या धाकट्या भावावरून पडला होता. खाणीतलं शिसं पाण्यात उतरत असावं असा तिचा संशय होता, म्हणून पीएचडीसाठी तिनं दोन वर्षं पायी फिरून वस्तीतल्या विहिरींचं पाणी गोळा केलं. एकशे चाळीस बाटल्या. प्रत्येकीवर विहिरीची खूण, तारीख, वेळ. यंत्र बंद, म्हणून बाटल्या विभागाच्या फ्रिजमध्ये राहिल्या. तेवढ्यात परदेशातून एक संशोधकांचा गट आला. चांगली, हसतमुख माणसं. त्यांनी सरांना सांगितलं की बाटल्या आम्ही नेतो, मोजतो, मुतिंताचं नाव घालतो, आणि तुमचं यंत्रही दुरुस्त करून देतो. सर विभागप्रमुख होते.

"तिनं मला विचारलं होतं," सर म्हणाले. "म्हणाली, सर, निम्म्या आपल्याकडे ठेवूया का? मी म्हटलं, अगं, माणसावर विश्वास ठेवावा. सही माझी आहे, इंजिनीअर. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस मी माझ्या हातानं गाडीत ठेवल्या."

दीड वर्षानं निबंध छापून आला. मुतिंताचं नाव शेवटी, आभारांत, ड्रायव्हर आणि दुभाष्यांच्या रांगेत. यंत्राचं कुणी नाव काढलं नाही. निबंध कुलपात होता, त्यामुळे आपल्याच विहिरींबद्दल काय लिहिलंय ते मुतिंताला वाचताही येईना. माझ्या भाचीला पाठवलेल्या त्या चौदांच्या यादीत पहिला लेख हाच होता. मुतिंतानं तो उघडला तर आत फक्त सरासरी. वस्तीच्या पाण्यात सरासरी इतकं शिसं. कुठल्या विहिरीत किती, ते कुठेच नाही. बाटल्या टाकून दिल्या होत्या. "सरासरी विहिरीचं पाणी कुणी पीत नाही हो," सर म्हणाले, आणि हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं.

तिनं पुन्हा पाणी गोळा केलं. आता शिशाचा लॅम्प हवा होता.

आमचे मालक बहरीनी आहेत, वयस्कर, कमी बोलणारे. मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "भंगारच आहे ना? खलास, घेऊन जा." अख्खं यंत्र देता येईना, ते कराराप्रमाणे मोडावं लागतं, पण लॅम्प मिळाला. मुठीत मावेल एवढी काचेची नळी. सरांनी ती नातीच्या लोकरी टोपीत गुंडाळली, टोपी डब्यात, डबा खोक्यात, आणि खोकं कुरियरनं गेलं.

तिथल्या कस्टम्सनं ते अडवलं. कागदावर लॅम्प लिहिलंय, म्हणजे दिवा. दिवा आणायचा तर वीज वाचवणारा आहे असा दाखला पाहिजे. सरांनी लिहिलं, हा घरात लावायचा दिवा नाही. उत्तर आलं, मग विद्यापीठाचं तसं पत्र आणा, डीनच्या सहीचं. विद्यापीठ बंद होतं, चार महिने पगार नाही म्हणून सगळे संपावर गेले होते आणि डीन गावी शेती बघत होते. सर रोज सकाळी दहाला कस्टम्समधल्या कारकुनाला फोन लावत. आधी तो उचलत नसे. मग उचलून ठेवून देऊ लागला. तिसऱ्या महिन्यात तो सरांच्या गुडघेदुखीची चौकशी करायला लागला. सहाव्या महिन्यात म्हणाला, "प्रोफेसर, मी मोठ्या साहेबांशी बोललोय. हा लॅम्प आहे असं लिहूच नका."

"मग काय लिहू?"

"सुटा भाग लिहा."

सातव्या महिन्यात सुटा भाग सुटला.

पुढचं सगळं आम्ही स्पीकरवर ऐकलं. यंत्राला गॅस लागतो, तो मुतिंतानं वेल्डिंगवाल्याकडे मागितला. तो स्वतः सिलिंडर घेऊन आला आणि जाईना. वस्तीतलाच होता. म्हणाला, इथे काय मोजतात ते मला ठाऊक आहे, माझी विहीर आधी मोजा. मी इकडून फोनवर एकेक बटण सांगत होतो, ती तिकडे दाबत होती. तीन तासांनी ज्योत स्थिर झाली. मी बहरीनमधली शेकडो यंत्रं चालू केली आहेत, पण असं फोनवरून हे पहिलंच. मुतिंतानं पहिला आकडा वाचला. सरांनी डोळे मिटले. "पुन्हा घे," ते म्हणाले. तिनं पुन्हा घेतला. आकडा तोच. पलीकडे वेल्डिंगवाला विचारत होता, चांगलं की वाईट? मुतिंतानं त्याला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्याच्या विहिरीत शिसं भरपूर होतं. त्याला दोन लहान मुली आहेत, असं तिनं नंतर सांगितलं.

नऊ दिवसांत तिनं सगळ्या विहिरी मोजल्या. विजेच्या वेळा सांभाळून, पहाटे उठून. वाईट कुठल्या, बऱ्या कुठल्या, नकाशाच तयार झाला. तो घेऊन ती नगरपालिकेत गेली. तिथले अधिकारी नीट वागले, चहा दिला, आणि म्हणाले, एवढी गंभीर गोष्ट आम्ही तुमच्या वहीवरून कशी मानायची? नावाजलेल्या ठिकाणी छापून आणा, विहिरी बंद करतो. मग सरांनी आणि तिनं मिळून निबंध लिहिला. नावाजलेल्या ठिकाणी पाठवला. दोन महिन्यांनी पत्र आलं. काम काळजीपूर्वक केलेलं आहे, परंतु विषय केवळ स्थानिक महत्त्वाचा असल्यानं आमच्या वाचकांना त्यात रस नसावा.

त्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा पत्र टेबलावर होतं. नेहमीप्रमाणे सर वाचून दाखवतील म्हणून मी चहाचा कप घेऊन बसलो. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं फक्त. मी वाचलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दुसरीकडे पाठवू या, सर." ते म्हणाले, "पाठवलंय." मग पत्र परत ओढून घेत म्हणाले, "स्थानिक तर आहेच. विहीर स्थानिकच असते." त्या दिवशी नात बादली भरून ठेवू का विचारायला आली तेव्हा त्यांनी तिला नको म्हटलं. आठवडाभर त्यांनी काहीच भरलं नाही. मेधाताईंनी मला बँकेतून फोन केला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांनी पाणी भरून ठेवलेलं बरं होतं हो."

दुसऱ्या ठिकाणाहून दुरुस्त्या मागवल्या आहेत असं पत्र आलं. सत्तावीस दुरुस्त्या. नकार नव्हता हा. पण मुतिंताला वेळ नव्हता. विभागातले तिघे देश सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि त्यांचे वर्ग तिच्यावर आले. सकाळी साडेतीनशे मुलांचा पहिल्या वर्षाचा तास, मग आणखी चार, मग पेपर तपासणं. ती एकदा सरांना म्हणाली, "सर, एका मोबाईल कंपनीनं मला बोलावलंय." सर एवढंच म्हणाले, "जायचं असेल तर जा. मी तुला थांब म्हणणार नाही. तो हक्क मी गमावलाय." ती गेली नाही. का, ते तिनं सांगितलं नाही.

मग सरांनी आपलं ठरवलं. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. म्हणाले, मी जातो. बिनपगारी शिकवतो, तिचे तास मी घेतो, ती लिहील. मेधाताई रडल्या, भांडल्या, शेवटी त्यांनीच अर्ज भरून दिला. तिकडून उत्तर आलं की या वयाच्या परदेशी माणसाला कामाचा परवाना देता येत नाही. आयुष्यभर सरांनी आपल्या विद्यार्थ्यांचे परिषदांसाठी केलेले व्हिसाचे अर्ज फेटाळलेले पाहिले होते. पत्र घडी करून ठेवताना ते म्हणाले, "आता मी खरा त्यांच्यातला झालो."

म्हणून सध्या सर फोनवरून शिकवतात. तिथले आठ म्हणजे आपले नऊ. मुतिंता फोन वर्गातल्या माईकपुढे ठेवते आणि मागच्या खोलीत जाऊन निबंध घेऊन बसते. एक विद्यार्थिनी फळा लिहिते. नऊच्या आधी सर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून गॅलरीत उभे राहतात. बसून शिकवणं त्यांना जमत नाही. मेधाताईंनी एकदा विचारलं, "बाबा, बूट कशाला? दिसतंय का कुणाला?" तर म्हणाले, "आवाजात कळतं." सत्तावीसपैकी एकोणीस दुरुस्त्या झाल्या आहेत. वस्तीतल्या काही बायका वाईट विहीर सोडून लांबून पाणी आणतात. सगळ्यांना लांब जाणं जमत नाही. वेल्डिंगवाला आता सायकलवर डबे बांधून आणतो आणि शेजारच्यांनाही देतो, असं मुतिंता म्हणाली.

मागच्या शुक्रवारी मी जरा लवकर पोचलो. तास चालू होता. सर कठड्याला पाठ लावून, मीठ पाण्यात विरघळतं म्हणजे नक्की काय होतं ते सांगत होते. हात हवेत असे फिरत होते की मलाही ते कण एकमेकांपासून सुटताना दिसले. फोन मधल्या छोट्या टेबलावर होता आणि त्याची काच माझ्या बाजूला होती. लाइन कधीच तुटली होती. किती वेळापूर्वी कोण जाणे. मी पुढे व्हायला लागलो तेवढ्यात मेधाताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनीही फोनकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नको. म्हणजे हे पहिल्यांदा घडत नव्हतं.

मी चपला हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. सरांनी तास पुरता केला. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं, मागच्या बाकांसाठी. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, कुणाला काही शंका आहे का, आणि ते थांबले. ते नेहमी बराच वेळ थांबतात. साडेतीनशे मुलांत हात वर करायला धीर लागतो, एखादी मुलगी मनाशी वाक्य जुळवत असते, तिला वेळ द्यावा, असं त्यांचं म्हणणं आहे. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. सरांनी फोनकडे किंचित वाकून कान दिला, आणि मीही श्वास रोखून, कुणीतरी विचारील म्हणून वाट बघत राहिलो.